आत्माविष्कार मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही महाविद्यालयात वर्षभराचा व्यक्तिमत्त्व विकास कार्यक्रम घेणार आहात. साधारण 120 विद्यार्थी आहेत आणि वर्षाअखेरीस 'विद्यार्थ्यांचं सेल्फ-ॲक्च्युअलायझेशन किती वाढलं' हे आकड्यांत दाखवायला तुम्हाला सांगितलंय. यालाच मी इथे आत्माविष्कार म्हणतोय: आपल्यात जे आहे ते पुरतं फुलणं. त्यासाठी कोणती प्रश्नावली घ्यावी, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा भरून घेतली तर पुरेल का, आणि प्रत्येकाला त्याचे गुण सांगावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या समुपदेशनात आहे आणि अशा कार्यक्रमांचं मोजमापही अनेकदा केलंय. प्रश्नावल्यांची नावं खाली देतोच. पण आधी एक गाठ सोडवू या. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: कार्यक्रमाचा गटाला उपयोग झाला का, अमुक एक मुलगा किंवा मुलगी आज कुठे आहे, आणि आत्माविष्कार ही गोष्ट या वयात मोजता येते का. पहिल्याचं उत्तर देणारं साधन दुसऱ्याला चालत नाही. आणि तिसऱ्याचा विचार केल्याशिवाय पहिल्या दोन्हींना हात घालू नये, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'सेल्फ-ॲक्च्युअलायझेशन' हा शब्द मेंदूतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइनचा. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोने 1943 च्या लेखात तो माणसाच्या गरजांच्या क्रमात सर्वात वर नेऊन ठेवला आणि तो जगभर पोचला. पुढे मास्लोने अशी माणसं प्रत्यक्ष शोधायचा प्रयत्न केला. महाविद्यालयातले 3000 विद्यार्थी त्याने चाळले. त्यातून अभ्यासाला लगेच घेता येईल असा एकच मिळाला, आणि पुढेमागे तिथवर पोचतील असे एक-दोन डझन. त्यावरून त्याने स्वतःच लिहून ठेवलं की प्रौढांमध्ये जो आत्माविष्कार आपल्याला दिसतो, तो वाढीच्या वयातल्या तरुणांमध्ये कदाचित शक्यच नसावा. म्हणजे ज्याच्या नावाने आपण हे मोजायला निघालोय, त्यानेच या वयोगटाबाबत हात आखडता घेतला होता. आणखी एक गोष्ट. गरजांचा तो प्रसिद्ध पिरॅमिड मास्लोने काढलेला नाही. 1960 मध्ये व्यवस्थापनावरच्या एका लेखात चार्ल्स मॅकडर्मिडने तो काढला. हे मुद्दाम सांगतो, कारण पिरॅमिड पाहिला की पायऱ्या दिसतात, आणि पायऱ्या दिसल्या की 'वर्षभरात किती पायऱ्या चढले' हा प्रश्न आपसूक येतो.

मग एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांमध्ये चाललेलं काय असतं? मला मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शियाची 1966 ची मांडणी इथे सर्वात उपयोगी वाटते. तो दोनच गोष्टी विचारतो: या व्यक्तीने वेगवेगळे पर्याय तपासून पाहिले का, आणि तिने कशाला तरी स्वतःला बांधून घेतलंय का. यातून चार अवस्था होतात. काहींनी तपासूनही पाहिलेलं नसतं आणि ठरवलेलंही नसतं. काहींनी न तपासताच दुसऱ्यांनी ठरवलेलं स्वीकारलेलं असतं. काही ऐन शोधात असतात. आणि काहींनी शोधून, पारखून ठरवलेलं असतं. मोजणाऱ्याची खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात आहे. न तपासता स्वीकारलेला विद्यार्थी प्रश्नावलीवर फार स्थिर दिसतो. 'माझं ध्येय मला स्पष्ट आहे' या विधानापुढे तो बिनदिक्कत 'पूर्ण सहमत' अशी खूण करतो. शोधात असलेला विद्यार्थी मात्र अस्वस्थ असतो, चारही गटांत चिंता त्याच्याकडे जास्त आढळते, आणि त्याच विधानापुढे त्याचा हात थबकतो. आता तुमचा कार्यक्रम खरोखर परिणामकारक ठरला, तर न तपासता स्वीकारलेला मुलगा शोधात असलेल्यासारखा होईल. म्हणजे त्याचे गुण कमी होतील.

हे माझ्या बाबतीत घडलंय. सुरुवातीच्या काळात एका संस्थेसाठी मी बारा आठवड्यांचा कार्यक्रम घेतला होता. शेवटी गुण काढले तर सरासरी किंचित खाली आलेली. मला धक्का बसला, आणि संस्थेने कार्यक्रम फसला असं मानून पुढच्या वर्षी तो बंद केला. मी मात्र ज्यांचे गुण सर्वात जास्त घसरले होते अशा काही मुलांना भेटलो. एका मुलीने सांगितलं, ''सुरुवातीला मी 'स्वतःच्या भावना मला नीट कळतात' याला पूर्ण होकार दिला होता. आता कळलं की मला राग आला की मी रडते, आणि वाईट वाटलं की चिडते. मग होकार कसा देऊ?'' ती मागे गेली नव्हती, तिची मोजपट्टीच बदलली होती. जॉर्ज हॉवर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस नेमकी हीच गोष्ट प्रशिक्षणाच्या मोजमापात दाखवली होती. स्वतःबद्दलची समज वाढली की माणूस त्याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या मापाने देतो, आणि आधीचे व नंतरचे गुण एकमेकांतून वजा करायच्या लायकीचे राहत नाहीत.

यावर त्यांचाच उपाय मी आजही वापरतो. शेवटच्या वेळी प्रत्येक विधानाला दोन उत्तरं घ्यायची: 'आज मी कसा आहे' आणि 'आज मागे वळून पाहताना, सुरुवातीला मी खरोखर कसा होतो'. याचा धोकाही सांगायला हवा. माणसाला आपण सुधारलो असं वाटायला आवडतं, त्यामुळे मागे वळून दिलेल्या उत्तरांत फरक थोडा फुगतो. म्हणून सुरुवातीची खरी चाचणी सोडू नका. तिन्ही आकडे जवळ ठेवा आणि तिन्ही दाखवा. त्या मुलीसारखी मुलं त्या तीन आकड्यांच्या मधल्या अंतरात दिसतात.

आता साधनांकडे येतो. एव्हरेट शॉस्ट्रॉमची 1960 च्या दशकातली प्रश्नावली या विषयातली सर्वात जुनी आणि सर्वाधिक वापरली गेलेली. तीत विधानांच्या 150 जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीतून एक निवडायचं. ती मुख्यतः दोन गोष्टी पाहते: माणूस वर्तमानात जगतो का, आणि त्याचा आधार स्वतःच्या आत आहे की इतरांच्या अपेक्षांमध्ये. दुसरी कल्पना मला अजूनही मोलाची वाटते. पण 150 जोड्या भरताना साठाव्या-सत्तराव्या जोडीपाशी वर्गातल्या चेहऱ्यांवर काय येतं ते मी पाहिलंय. तिथून पुढची उत्तरं कंटाळ्याची असतात. शिवाय काही जोड्यांत दोन्ही विधानं पटतात किंवा दोन्ही पटत नाहीत, आणि मधलं काही निवडायची सोय नाही.

जोन्स आणि क्रँडल यांची 1986 ची छोटी मापनी 15 विधानांची आहे आणि ती विद्यार्थ्यांवरच तयार झाली. दहा मिनिटांत होते. मात्र तिची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर तसंच उत्तर येण्याचा भरवसा, बेताची आहे, त्याचा परिणाम काय होतो ते पुढे हिशेबाने दाखवतो. स्कॉट बॅरी कॉफमनने 2018 मध्ये मास्लोच्या लिखाणातली वैशिष्ट्यं घेऊन 30 विधानांची नवी मापनी केली. तीत दहा पैलू आहेत: सत्याचा शोध, स्वीकार, खरेपणा, जीवनहेतू वगैरे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच सुचवेन, कारण एका एकूण गुणाऐवजी पैलू वेगवेगळे पाहता येतात. कॅरोल रिफची मानसिक स्वास्थ्याची सहा परिमाणांची मापनी हा दुसरा चांगला पर्याय. त्यातलं 'वैयक्तिक वाढ' हे परिमाण तुमच्या कामाच्या अगदी जवळ जातं. कोणतीही घेतलीत तरी वापराची परवानगी आधी पाहा.

व्यक्तिमत्त्व विकास हा वेगळा भाग, त्यासाठी 'बिग फाइव्ह'वर, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य गुणांच्या मांडणीवर, आधारलेली प्रश्नावली घ्या. माणसांना प्रकारांच्या कप्प्यांत टाकणाऱ्या, चार अक्षरांचं लेबल देणाऱ्या चाचण्या नकोत. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं लेबल बदलतं, आणि ते बदलणं कार्यक्रमामुळे की चाचणीच्या ढिलाईमुळे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

हिशेबाचा भाग थोडा शांतपणे वाचा, कारण 'प्रत्येकाला गुण सांगावेत का' याचं उत्तर त्यात आहे. समजा 15 विधानांची मापनी आहे, प्रत्येकाला 1 ते 4 गुण, म्हणजे एकूण 15 ते 60. समजा तुमच्या गटाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) 5 आणि विश्वसनीयता 0.70. जेकबसन आणि ट्रुअक्स यांनी 1991 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे 1 मधून 0.70 वजा करा, उरलेल्या 0.30 चं वर्गमूळ काढा, त्याला 5 ने गुणा: साधारण 2.7. ही एका मोजणीतली चूक. मोजण्या दोन आहेत म्हणून याला 2 च्या वर्गमूळाने गुणा: 3.9. आणि त्याला 1.96 ने गुणलं की येतात साडेसात गुण. म्हणजे एखाद्याचे गुण 44 वरून 49 झाले, तर 'तू बदललास' असं आपण खात्रीने म्हणू शकत नाही. तो फरक निव्वळ मोजणीच्या हेलकाव्यातूनही येऊ शकतो. गटाचं मात्र तसं नाही. 120 जणांच्या सरासरीत असे हेलकावे बरेचसे एकमेकांना खोडतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या गुणाचा सरासरी फरकही अर्थपूर्ण ठरू शकतो. तेच साधन गटासाठी चालतं आणि व्यक्तीसाठी चालत नाही, याचा अर्थ हा.

'सुरुवातीला आणि शेवटी पुरेल का' याचं उत्तर: नाही, तुलनेचा गट लागेल. या वयात माणूस कार्यक्रमाशिवायही बदलतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये वर्षानुवर्षं तपासलेल्या माणसांचे 92 गट एकत्र करून पाहिलं. विशीपासून चाळिशीपर्यंतच्या काळात जबाबदारीची वृत्ती आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जातं. म्हणजे वर्षभरात थोडीफार वाढ तुम्ही काहीही न करता दिसू शकते, आणि परीक्षेच्या तोंडावर मोजलंत तर घट दिसेल. दोन्हींचं श्रेय किंवा दोष कार्यक्रमाला देणं चूक. शक्य असेल तर विद्यार्थ्यांचे दोन भाग चिठ्ठ्या टाकून करा, निम्म्यांचा कार्यक्रम पहिल्या सत्रात आणि निम्म्यांचा दुसऱ्या सत्रात. कोणी वंचित राहत नाही आणि तुलना मिळते. ते जमत नसेल तर समांतर वर्गाकडून तीच प्रश्नावली त्याच आठवड्यात भरून घ्या.

किती फरकाची अपेक्षा ठेवावी? त्याच रॉबर्ट्सच्या गटाने 2017 मध्ये 207 अभ्यास तपासले. सरासरी 24 आठवड्यांच्या हस्तक्षेपानंतर व्यक्तिमत्त्वगुणांत प्रमाण विचलनाच्या साधारण एक तृतीयांशाइतका बदल दिसला, सर्वात जास्त भावनिक स्थैर्यात. पण त्यातले बरेचसे लोक मानसोपचार घेत होते. वर्गात, आठवड्यातून एक तास भेटणाऱ्या मुलांमध्ये याहून कमी धरून चाला, आणि ज्यांनी आकडे मागितलेत त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

आता ज्यावर माझा सर्वात जास्त विश्वास आहे ते सांगतो. या वयात 'पोचलात का' हे मोजू नये. 'निघालात का, आणि कुणाच्या सांगण्यावरून' हे मोजावं. त्यासाठी मी ध्येयांची यादी वापरतो. मुळात रॉबर्ट एमन्सची 1986 ची कल्पना अशी की माणसाला त्याच्या गुणांबद्दल विचारण्याऐवजी तो रोजच्या जगण्यात काय साधायचा प्रयत्न करतोय ते विचारावं. विद्यार्थ्याला आठ-दहा वाक्यं पुरी करायला सांगतो: 'सध्या मी ... असा प्रयत्न करतोय.' मोठी ध्येयंच हवीत असं नाही. 'वर्गात हात वर करायला शिकतोय' हेही चालतं. मग केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांनी वापरलेली चार कारणं प्रत्येक ध्येयापुढे ठेवतो आणि प्रत्येकाला 1 ते 7 गुण द्यायला सांगतो. हे मी का करतो? कुणीतरी सांगितलंय किंवा परिस्थिती भाग पाडते म्हणून. नाही केलं तर अपराधी वाटेल, लाज वाटेल म्हणून. ते महत्त्वाचं आहे असं मला मनापासून पटलंय म्हणून. त्यात मला आनंद मिळतो म्हणून. शेवटच्या दोनांच्या बेरजेतून पहिल्या दोनांची बेरीज वजा करायची. जो आकडा येतो तो सांगतो की हे ध्येय त्या मुलाचं स्वतःचं किती आहे.

हे वर्षात तीनदा करा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुनी यादी हातात देऊन विचारा: यातलं काय चालू आहे, काय सोडलं, का सोडलं, नवीन काय आलं? या उत्तरांत जे दिसतं ते कुठल्याही एकूण गुणात मला दिसलेलं नाही. एका मुलाच्या पहिल्या यादीत दहापैकी आठ ध्येयांचा आकडा उणे होता. वर्षाअखेरीस त्याने त्यातली तीन सोडली होती. पण जे शिक्षण तो घरच्यांच्या आग्रहामुळे घेत होता ते त्याने सोडलं नव्हतं, आणि त्याच्यापुढचा आकडा उणे सहावरून अधिक चारवर आला होता. मी विचारलं तर म्हणाला, ''विषय तोच आहे सर, पण आता मी का शिकतोय ते मला माहीत आहे.'' आत्माविष्काराच्या प्रश्नावलीवर त्याचे गुण जवळपास तेवढेच होते.

इथे एक चूक टाळा, मी ती केलेली आहे. घरच्यांसाठी केलेली गोष्ट म्हणजे परकी गोष्ट, असा हिशेब करू नका. आईवडिलांना आधार द्यायचा हे एखाद्या मुलीचं अगदी आतून आलेलं, पूर्ण पटलेलं ध्येय असू शकतं. आणि 'मला मनासारखं जगायचंय' हे वाक्य मित्रांच्या दबावाने आलेलं असू शकतं. ध्येय कुणासाठी आहे हा प्रश्न नाही, ते तिने आपलं म्हणून उचललंय का हा प्रश्न आहे. म्हणून वर्गवारी तुम्ही करू नका, कारणांना गुण तिलाच देऊ द्या.

भाषेबद्दल थोडं. या प्रश्नावल्या मुळात इंग्रजीत आहेत. 'आत्मसाक्षात्कार' हा शब्द वापरलात की मुलं थेट अध्यात्मात जातात. 'आत्मवास्तविकीकरण' वाचून गप्प होतात. सूचनांमध्ये हा शब्द आणूच नका, गरज नाही. 'इतरांना काय वाटेल याची पर्वा न करता मी वागतो' असं भाषांतर केलंत तर ते उद्धटपणाचं वर्णन वाटतं आणि चांगली मुलं त्याला नकार देतात. मूळ विधानात मात्र स्वतःच्या मताशी प्रामाणिक राहणं अभिप्रेत असतं. एकाने मराठीत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही ताडून पाहावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सात-आठ विद्यार्थ्यांना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावून 'यातून तुला काय समजलं' असं विचारावं. निम्म्या दुरुस्त्या त्या एका तासात हाती येतात.

स्वतःबद्दलची उत्तरं पुरेशी का नाहीत, हाही मुद्दा आहे. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर हिच्या 2010 च्या अभ्यासाचं सार असं की चिंता, अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः चांगल्या ओळखतो. पण बुद्धिमत्ता, सर्जनशीलता यांसारख्या, ज्यात आपला मान गुंतलेला असतो, त्या जवळचे मित्र जास्त बरोबर ओळखतात. जमल्यास प्रत्येकाने निवडलेल्या एका मित्राकडून पाच-सहा विधानं भरून घ्या. नाही जमलं तर हे सोडून द्या, ध्येयांची यादी मात्र सोडू नका.

म्हणजे आतापर्यंतचं एकत्र केलं तर असं: पहिल्या सत्राच्या आधी 30 विधानांची मापनी आणि ध्येयांची यादी, दोन्ही गटांकडून. मध्यावर फक्त यादी. शेवटी मापनी 'आज' आणि 'तेव्हा' अशा दोन उत्तरांसह, शिवाय यादी. शक्य असल्यास सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. अहवालात गटाचे आकडे तुलनेसह, आणि त्यासोबत ध्येयांत काय बदललं याची नावं वगळून दिलेली काही उदाहरणं.

यातलं किती साधेल हे परिस्थितीवर आहे. विद्यार्थी तुम्हाला ओळखतात का, त्यांना उत्तरांची भीती वाटते का, रात्री काम करून सकाळी वर्गात बसणारे किती आहेत, याने आकडे हलतात. फीची चिंता असलेल्या मुलाचा कमी गुण हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हणून वाचला तर तो अन्याय आहे. म्हणून वेळापत्रक, काम, घरचा ताण याबद्दल दोन-तीन साधे प्रश्न जोडा आणि आकडे त्यांच्या शेजारी ठेवून वाचा.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करत नाही: या गुणांचा परीक्षेच्या गुणांशी, हजेरीशी किंवा शिफारशीशी कसलाही संबंध ठेवू नका. संबंध जोडल्या दिवशी मुलं 'योग्य' उत्तरं शोधू लागतात आणि पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. नावाऐवजी त्यांनीच निवडलेला सांकेतिक क्रमांक ठेवा, म्हणजे आधीची आणि नंतरची पानं जुळवता येतील. भाग घ्यायचा की नाही हे त्यांना ठरवू द्या, आणि मधेच सोडायची मुभा द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मापनीचा आकडा विद्यार्थ्याला सांगू नका, कारण वर पाहिलंत तसा तो एकट्यासाठी भरवशाचा नाही, आणि 'तुझा आत्माविष्कार 38' हे वाक्य एकोणिसाव्या वर्षी मनात फार काळ राहतं. त्याच्या ध्येयांच्या तिन्ही याद्या मात्र त्याला परत द्या, एकाखाली एक लावून, तुमची कुठलीही टिप्पणी न लिहिता. माझ्याकडे तो शेवटचा तास असाच असतो: याद्या वाटतो, अर्धा तास कुणी बोलत नाही, मग ज्याला बोलायचं तो बोलतो. आणि याद्या गोळा केल्या की त्याच दिवशी सगळ्या वाचून काढा. कुणी 'जगण्यात अर्थ वाटत नाही' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर ते वर्षाअखेरच्या अहवालापर्यंत थांबू शकत नाही. अशा वेळी काय करायचं, कोणत्या समुपदेशकाकडे न्यायचं आणि त्यासाठी गोपनीयता कुठवर पाळली जाईल, हे पहिला कागद वाटण्याआधी ठरवून मुलांना सांगून ठेवा.